दोर कुणाच्या हाती?

आमच्या घरामागे आड होता. आई रोज पहाटे वीस-पंचवीस घागरी पाणी शेंदायची. दोराने तिच्या हाताला घट्टे पडले होते. 'बाईमाणसाला हे झेपेल का?' असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात इंग्लंडच्या पद्धतीच्या आठ घंटा आहेत. त्या कशा वाजवतात हे वाचताना मला तो आड आठवला. कारण इंग्लंडमध्ये घंटेच्या दोरापासून बायकांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं गेलं. नेहमीची सबब ताकदीची!

खरं तर टनभर वजनाची घंटासुद्धा आधी तोंड वर करून तोलून उभी केलेली असते. दोर बेताने ओढला की ती आपल्याच वजनाने पूर्ण गिरकी घेते. तिला नेमक्या क्षणी आवरायचं, हे खरं कसब. नुसता जोर लावणाराच लवकर दमतो. प्रत्येक घंटेला एक माणूस. गाणं वाजवायचं नसतं. घंटांचा क्रम दर फेरीला बदलायचा आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात. ते वाजवायला तीनेक तास लागतात, तेही समोर कागद न ठेवता. म्हणजे हवेत कान, स्मरण आणि हिशेब. (बायकांना तेही नसतात, असं सांगणारे भेटतीलच.)

बेझिंगस्टोकला १८९६ साली एलिस व्हाइट या बाईने असं पाच हजारांवर क्रमांचं अखंड वादन पुरं केलं. १९१२ साली घंटा वाजवणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची संघटना काढली. तरीही लंडनच्या 'एन्शन्ट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स' या १६३७ सालच्या संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं ते १९९८ साली. 'आधी करून दाखवा, मग बघू' असं आपल्याला नेहमी ऐकवतात. करून दाखवल्यावर एकशे दोन वर्षं गेली!

आणखी एक गोष्ट मला फार लागली. तिकडे कित्येक गावांत कुणी वारलं की घंटेचे ठोके देत. पुरुष असेल तर तीन-तीनचे तीनदा, बाई असेल तर दोन-दोनचे तीनदा. नऊ आणि सहा. कोण गेलं ते शेतावरच्या माणसांना कळावं, एवढाच हेतू, असं म्हणतात. असेल. पण मग बाईला नऊ आणि पुरुषाला सहा असं का नाही ठरलं?