दुय्यम नव्हे, दुहेरी!

टेनिसची बातमी वाचण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. एकेरीची अंतिम लढत कोणी जिंकली ते आधी पाहायचे, हरणाऱ्याने किती झुंज दिली ते वाचायचे आणि बातमीच्या शेपटाला असलेल्या 'दुहेरीत अमुक-तमुक जोडीने बाजी मारली' या ओळीवरून नजर फिरवून पान उलटायचे. गंमत अशी, की गेल्या तीसेक वर्षांत ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अखेरच्या दिवसांत भारतीय नाव आढळले तर ते बहुतेक वेळा याच ओळीत आढळले.

या ओळीचा एक मोठा मानकरी, रोहन बोपण्णा, १ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त झाला. वय पंचेचाळीस. त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला आणि तो योग्यही होता. पण त्यात 'चमत्कार' हा शब्द फार वेळा आला. एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटले, की हात जोडून मोकळे होता येते. ती कशी घडली याचा विचार करण्याची गरज उरत नाही. बोपण्णाच्या बाबतीत तो विचार करायला हवा, कारण ज्या वाटेने तो शिखरावर गेला ती वाट आता अरुंद होऊ लागली आहे.

बोपण्णाचा जन्म बंगळुरूचा, घर कोडगूमधील कॉफीच्या मळ्यांत. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने रॅकेट हाती धरली. २००२ मध्ये डेव्हिस चषकात तो भारतासाठी प्रथम खेळला. सर्व्हिस तोफेसारखी, फटक्यांत जोर. पण एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २०० च्या आत त्याला कधीच शिरता आले नाही. २००७ मध्ये गाठलेला २१३ वा क्रमांक हीच त्याची एकेरीतील सर्वोच्च पायरी. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता.

या आकड्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो तो साधारण पहिल्या शंभरांना. दोनशेच्या पलीकडचा खेळाडू पात्रता फेरीच्या दारात ताटकळतो आणि एरवी छोट्या गावांतील छोट्या स्पर्धा खेळत हिंडतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, सगळा खर्च त्याच्याच खिशातला. सत्तावीस वर्षांचा, दोनशे तेरावा खेळाडू घरी परत येऊन शिकवणी सुरू करतो, ही टेनिसमधील रोजची गोष्ट आहे. बोपण्णाला तसे करावे लागले नाही, कारण त्याच स्पर्धांत दुहेरीच्या ६४ जोड्यांचे, म्हणजे आणखी १२८ खेळाडूंचे एक वेगळे जग होते.

'एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरीत गेला', असे आपण सहज बोलून जातो. यात अर्धे सत्य आहे. पण अपयशी गायक आपोआप उत्तम तबलजी होत नाही. साथसंगतीची विद्या वेगळी. दुहेरीचेही तसेच. एकेरीच्या कोर्टाची रुंदी २७ फूट, दुहेरीच्या कोर्टाची ३६. म्हणजे रुंदी वाढते ती जेमतेम एक तृतीयांशाने, पण ती राखणारे खेळाडू होतात दुप्पट. मोकळी जागा एकदम आक्रसते. बेसलाइनवरून वीस-पंचवीस फटक्यांची जी झुंज आपण एकेरीत पाहतो, तिला येथे फारसा वाव नाही. सर्व्हिस, परतीचा फटका, जाळ्याजवळची एखादी व्हॉली. चार-पाच फटक्यांत गुण निकाली निघतो. जाळ्याजवळ उभा असलेला साथीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो: मी या बाजूला झेपावणार, तू ती बाजू सांभाळ. परतीचा फटका जोरात मारून भागत नाही, तो जाळ्याजवळच्या प्रतिस्पर्ध्याला टाळून, पुढे धावत येणाऱ्याच्या पायाशी टाकावा लागतो. पाय थकले तरी चालतील, पण नजर, हात आणि अंदाज थकून चालत नाही. म्हणूनच हा खेळ वयाला थोडी अधिक मुदत देतो.

आणि या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे जोडीदार! २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर बोपण्णा अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. 'युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा' असा संदेश घेऊन ही जोडी खेळत होती. अंतिम सामन्याला संयुक्त राष्ट्रांतील भारत आणि पाकिस्तानचे राजदूत शेजारी बसले होते. ब्रायन बंधूंनी तो सामना दोन्ही सेट टायब्रेकवर नेऊन जिंकला, पण मने जिंकली ती या दोघांनी.

याच्या उलट चित्र दोन वर्षांनी दिसले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी लिअँडर पेसबरोबर खेळायला आधी महेश भूपतीने आणि मग बोपण्णाने नकार दिला. शेवटी भूपती-बोपण्णा ही एक जोडी आणि पेसबरोबर नवखा विष्णू वर्धन ही दुसरी, अशी तोडगा काढून पथके गेली. पदक कोणालाच मिळाले नाही. वर राष्ट्रीय संघटनेने भूपती आणि बोपण्णावर बंदीचा बडगा उगारला, प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये रिओत पेस आणि बोपण्णा एकत्र उतरले आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले. परदेशी जोडीदाराशी सूर जुळावा आणि मायदेशीच्या जोडीदाराशी जुळू नये, यात कोणाचा किती दोष, हा वाद चघळण्यात आता अर्थ नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण खेळाडू निवडले. जोडी घडवायला हवी, हे ध्यानात घेतले नाही. दोन हुशार माणसे एका खोलीत बसवली म्हणजे संसार होत नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना जे ठाऊक असते ते निवड समित्यांना ठाऊक नसावे!

बोपण्णाला ग्रँड स्लॅमचे पहिले विजेतेपद मिळाले ते २०१७ मध्ये, फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत. कॅनडाच्या गॅब्रिएला दाब्रोवस्कीसह खेळताना प्रतिस्पर्ध्यांचे दोन विजयी गुण वाचवून त्याने तो सामना खेचून आणला. पुरुष दुहेरीचे मोठे यश मात्र हुलकावण्याच देत राहिले. दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजली. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळणे नित्याचे झाले. २०२१ च्या सुरुवातीला पराभवामागून पराभव होत होते, तेव्हा सारे थांबवून घरी परतावे असा विचार मनात आला होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्याला तगवले ते अय्यंगार योगाने. पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने करण्याची जी पद्धत घडवली, तिचा त्याने नियमित अभ्यास केला. गुडघे नवे झाले नाहीत, पण भोवतीचे स्नायू भार पेलू लागले आणि गोळ्या सुटल्या.

मग आला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन. २०२३ मध्ये या जोडीने इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते हरले. त्या सामन्यात चेंडू आपल्या हाताला चाटून गेल्याचे पंचांना दिसले नव्हते, ते बोपण्णाने आपणहून सांगितले आणि गुण सोडून दिला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेला साथीला घेऊन त्याने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पहिला सेट गमावल्यावर. आणि जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला बोलेली-वावास्सोरी या इटालियन जोडीला हरवून पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम अखेर हाती आले, एकसष्टाव्या खेपेला. त्रेचाळीसाव्या वर्षी तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला. इतक्या वयात प्रथमच अव्वल ठरलेला दुसरा खेळाडू नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. पेस, भूपती, सानिया मिर्झा आणि बोपण्णा, दुहेरीत चौघे भारतीय जगात अव्वल झाले. पण एकेरीचे काय? १९८७ मध्ये रमेश कृष्णन अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला, त्यानंतर एकाही भारतीय पुरुषाला ग्रँड स्लॅम एकेरीत ती फेरी दिसलेली नाही. दुहेरीच्या झगमगाटात हे अपयश झाकले गेले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दुहेरीमुळे एकेरी मागे पडली, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. एकेरीसाठी लागणारी प्रशिक्षणाची आणि स्पर्धांची साखळी आपल्याकडे नव्हतीच. ती नसतानाही जे उगवले, ते दुहेरीच्या वाफ्यात उगवले.

आता तो वाफाच आक्रसतो आहे. २००५ मध्येच पुरुष टेनिसच्या संघटनेने एकेरीच्या खेळाडूंना दुहेरीत झुकते माप देण्याचा घाट घातला होता. ब्रायन बंधूंसह अनेकांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा तडजोड झाली. २०२५ मध्ये अमेरिकन स्पर्धेने मिश्र दुहेरीच्या ३२ जोड्यांच्या १६ केल्या. आठ जोड्या एकेरीच्या क्रमवारीवरून, आठ आयोजकांच्या मर्जीने. अंतिम सामना सोडता सहाऐवजी चार गेमचे सेट. विजेत्यांचे बक्षीस मात्र दोन लाख डॉलरवरून दहा लाखांवर नेले. आयोजकांची बाजू पोकळ नाही. एरवी ओस पडणारी मिश्र दुहेरीची स्टेडियम्स त्या दोन रात्री भरून गेली. लोकांना ओळखीचे चेहरे हवे असतात.

आणि जिंकले कोण? आदल्या वर्षीचे विजेते म्हणून आत घेतलेली सारा एर्रानी आणि मेलबर्नला बोपण्णाकडून हरलेला तोच आंद्रेया वावास्सोरी! विम्बल्डनची ताजी विजेती इगा श्वियातेक आणि कॅस्पर रूड यांना या दुहेरीच्या कारागिरांनी अंतिम फेरीत नमवले. ज्यांना स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही त्या दुहेरी खेळाडूंसाठीही हा विजय आहे, असे एर्रानीने सांगितले. नव्या योजनेला यापेक्षा सडेतोड उत्तर कोणते?

आपल्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. बालेवाडीत भरणारी महाराष्ट्र खुली स्पर्धा बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह जिंकली. २०२३ नंतर ती स्पर्धा पुण्यातून गेली आणि पुरुषांच्या मुख्य मालिकेतील भारतातले ते एकमेव ठिकाणही गेले. घरच्या स्पर्धेत स्थानिक जोडीला थेट प्रवेश देता येतो, ती सोयही गेली. दुखापतींनी ज्याची एकेरी हिरावून घेतली तो युकी भांबरी २०२५ मध्ये अमेरिकन स्पर्धेच्या पुरुष दुहेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेला. म्हणजे वाट अजून बंद नाही. पण ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी. भारतीय दुहेरी खेळाडूंना हात देण्याचा उपक्रम बोपण्णाने स्वतः सुरू केला आहे. एका खेळाडूने जे ओळखले ते संघटनेने आणि पुरस्कर्त्यांनीही ओळखावे: दोन तरुण हेरून तीन-चार वर्षे त्यांना एकत्र ठेवणे, त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद करणे आणि देशात पुन्हा एक मोठी स्पर्धा आणणे. ऑलिंपिकच्या तोंडावर जोड्या जुळवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

बोपण्णाचे सव्वीस विजेतेपदांचे खाते आता बंद झाले. त्याचा मोठेपणा त्रेचाळीसाव्या वर्षीच्या त्या एका सोमवारच्या क्रमवारीत शोधण्यापेक्षा २००७ सालात शोधावा. क्रमांक २१३, वय सत्तावीस, आणि तरीही खेळत राहण्याजोगी एक जागा शिल्लक. आज देशातल्या कुठल्याशा कोर्टावर त्याच क्रमांकाचा, त्याच वयाचा कोणी मुलगा बॅग भरून घरी निघाला असेल, तर त्याला थांबवण्यासाठी आपल्यापाशी काय आहे?