चिलटाला तारणारी ब्राह्मी आणि आपल्या ताटातले विष

पिकलेल्या केळ्यांच्या घडाभोवती घिरट्या घालणारे इवलेसे चिलट शास्त्रज्ञांच्या परिभाषेत ‘ड्रोसोफिला’ या नावाने ओळखले जाते. आंब्यात अळ्या सोडणारी आणि बागायतदारांना छळणारी फळमाशी निराळी. हळद, ब्राह्मी, अश्वगंधा अशा वनस्पतींतील घटक या चिलटांचे कीटकनाशकाच्या विषापासून काही अंशी रक्षण करतात, असे निष्कर्ष गेल्या दीड-दोन दशकांत वारंवार पुढे आले आहेत. प्रयोगशाळेतून बातमीत आणि बातमीतून जाहिरातीत येईपर्यंत या निष्कर्षांचे रूप बदलते. फवारलेल्या भाजीवर जणू घरगुती उतारा सापडला, असा समज त्यातून पसरतो. म्हणूनच या प्रयोगांनी काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिलटांना रोटेनोन हे कीटकनाशक खाद्यातून देण्यात आले. रोटेनोन पेशींतील ऊर्जानिर्मिती रोखते. त्यामुळे मेंदूतील डोपामाइन घटते आणि कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात. निरोगी चिलटे नळीच्या तळाशी ढकलली तर चटकन वर चढतात, विषबाधा झालेली मात्र तळाशीच रेंगाळतात. ज्यांच्या खाद्यात ब्राह्मीची पूड मिसळली होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण घटले, चढण्याची क्षमता बऱ्याच अंशी टिकली आणि डोपामाइनची पातळीही सावरली.

हे निष्कर्ष क्षुल्लक नव्हेत. माणसातील रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे 75 टक्के जनुकांची प्रतिरूपे या कीटकात आढळतात. अंड्यातून पूर्ण वाढलेले चिलट तयार होण्यास दहा-बारा दिवस पुरतात, त्यामुळे अल्प खर्चात शेकडो जिवांवर चाचणी घेता येते. विष शरीरात कोणत्या वाटेने घाव घालते आणि कोणता घटक ती वाट अडवतो, हे शोधण्यासाठी याहून सोयीचे साधन विरळाच.

परंतु या साधनाला मर्यादा आहेत. प्रयोगातील चिलटाच्या प्रत्येक घासात औषधी पूड असते. माणसाच्या आहारात तसे घडत नाही. हळदीतील कुर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणातच शोषले जाते. दुसरी अडचण प्रयोगाच्या रचनेतील आहे. कडवट पूड मिसळल्यामुळे चिलटांनी खाद्यच कमी खाल्ले, तर विषही कमी पोटात जाते आणि श्रेय मात्र वनस्पतीला मिळते. खाद्यात रंग मिसळून किंवा अन्य मार्गाने प्रत्यक्ष सेवन मोजलेले नसेल, तर असा निष्कर्ष जपूनच स्वीकारावा लागतो.

शिवाय ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक, हा समजही येथे टिकत नाही. चिलटांना पंगू करणारे रोटेनोन हे डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतूनच मिळते. याउलट, वनस्पतींतील काही घटक कीटकाच्या शरीरातील विष पचवणारी विकरे वाढवतात. जो घटक चिलटाला तारतो, तसाच घटक पिकावरील किडीलाही फवाऱ्यातून तारू शकतो. तसे झाल्यास शेतकरी मात्रा वाढवतो आणि विषाचे चक्र अधिकच गतिमान होते.

मूळ प्रश्न विष उतरवण्याचा नाही, ते ताटापर्यंत पोहोचते कसे याचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके मज्जासंस्थेतील एक अत्यावश्यक विकर निकामी करतात. अशा रुग्णाला अॅट्रोपिनसारखे औषध तातडीने द्यावे लागते, तेथे काढा कामाचा नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर तर खात्रीचा उताराच उपलब्ध नाही. केंद्र सरकारने मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता. 2023 च्या आदेशात प्रत्यक्ष बंदी आली ती त्यांतील मोजक्यांवर. कीटकनाशकांचे नियमन करणारा आपला मूळ कायदा आजही 1968 चाच आहे.

गोमंतकीयांसाठी हा विषय दूरचा नाही. आपल्या बाजारातील भाजीचा मोठा हिस्सा बेळगाव परिसरातून येतो. त्या शिवारात काय फवारले गेले, हे पणजी-मडगावच्या ग्राहकाला कळण्याचा मार्ग म्हणजे विषांशाची तपासणी. भाजी धुतल्याने वरवरचा अंश बराच कमी होतो, परंतु इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातच मिसळलेली असतात, ती पाण्याने जात नाहीत. म्हणून नमुन्यांची तपासणी नियमित हवी, तिचे अहवाल सर्वांसाठी खुले हवेत आणि दोष आढळल्यास त्याचा माग थेट शेतापर्यंत काढता यायला हवा. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखपट्टी आणि त्याला वाचता येईल अशा भाषेतील सूचना मिळणे हाही याच व्यवस्थेचा भाग आहे.

ब्राह्मीवरील संशोधन चालूच राहावे. कंपवातासारख्या व्याधींवरील उद्याचे औषध त्यातून हाती लागू शकते. मात्र कीटकनाशकांवर नियंत्रण ठेवणे ही शासनयंत्रणेची जबाबदारी आहे. चिलटांवरील प्रयोगांचा दाखला देऊन ती गृहिणीच्या मसाल्याच्या डब्यावर ढकलता येणार नाही.