काळजीवाहकाचा अर्धा तास

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीची रोज सरासरी १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७४. यात बालसंगोपनही आले. घरात अर्धांगवायूचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर मात्र रात्रही मोजावी लागते.

या श्रमाची किंमत शरीर मोजते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्के अधिक आढळला.

‘दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ असे अनेकींना वाटते. पण रुग्णाला उचलून, कुशीवर वळवून कंबर भरून येते. हृदयाला हवी तशी चाल घडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तो सलग दहा मिनिटे तरी हवा, ही जुनी अट २०२० मध्ये गेली. औषधे आणताना झपाझप चालणेही त्यात धरता येते.

खरी अडचण आळसाची नाही, बदली माणसाची आहे. म्हणून ‘रोज चाला’ असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरने ‘तेवढा वेळ रुग्णाजवळ कोण बसेल?’ हेही विचारायला हवे. त्याचे उत्तर आधी घरातल्या इतरांनी द्यावे आणि दिवसा रुग्ण सांभाळणारी केंद्रे उभारून सरकारनेही.