कुणाला घर दाखवलंय?

मंडळी, २ ऑक्टोबर म्हटलं की गांधी जयंतीनंतर आपल्या पिढीला दुसरं काय आठवतं ते सांगायला नको. पणजी, सत्संग आणि पावभाजी! निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ २०१५ साली आला आणि तेव्हापासून त्या दिवशी आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप याच विनोदाने भरतात. त्यात आपल्या बेळगावकरांना गोवा म्हणजे चोर्ला घाट उतरला की आलंच, त्यामुळे साळगावकर कुटुंब जरा जास्तच जवळचं. (अजून कुणी बघितला नसेल तर आधी बघून या. पुढे मी सगळं फोडणार आहे.)

या सिनेमात खून कुणी केला हा प्रश्नच नाही, तो आपल्या डोळ्यांसमोर होतो. तरी आपण जीव मुठीत धरून बसतो, कारण एका बाजूला आहे अनाथ वाढलेला, चौथी नापास, केबलचा धंदा करणारा विजय, आणि दुसऱ्या बाजूला आयजी मीरा देशमुख, जिच्या एका फोनवर सगळं खातं हलतं. मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा, तिथे नायक जॉर्जकुट्टी. गोव्यात आणताना आडनावं काय निवडली बघा. साळगावकर हे गावावरून आलेलं आडनाव, देशमुख म्हणजे वतनदारी. कोण कुठल्या पायरीवर बसलंय हे मराठी माणसाला आडनावातच कळतं, संवाद लिहायची गरज नाही.

विजय शिकला कुठे, तर ऑफिसात रात्ररात्रभर सिनेमे बघून. बीईची मार्कशीट फ्रेम करून ठेवणाऱ्या आमच्या घरातसुद्धा त्याने अधिकाऱ्यांना चकवलं की टाळ्या पडतात. इथपर्यंत झकास.

मला खटकतो तो गायतोंडे. साळगावकरांच्या घरातल्यांना, अगदी धाकट्या मुलीलासुद्धा, मारतो तो सब-इन्स्पेक्टर गायतोंडे. मॅडम समोर असतात, त्यांच्याच जोरावर हे चालतं, पण हात उचलायचं काम खालच्या माणसाचं. आणि बघणाऱ्यांचा राग कुणावर? गायतोंडेवर. मॅडमच्या वाट्याला आईचे अश्रू येतात, घर येतं, हरवलेल्या मुलाचं दुःख येतं. गायतोंडेचं घर मला तरी कुठे दिसलं नाही. तो घरी जाऊन काय जेवतो, त्याला पोरंबाळं आहेत का, पत्ता नाही. तो लाच घेतो एवढं मात्र पक्कं कळतं.

तेव्हापासून क्राइम थ्रिलर बघताना मला एक सवय लागलीय. दिग्दर्शकाने कुणाकुणाला घर दिलंय ते बघायचं. ज्याला घर मिळतं त्याचा गुन्हा आपण समजून घेतो, ज्याला नाही तो गुंड.

कामत यांचाच आधीचा मराठी ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) घ्या. माधव आपटे बँकेत नोकरीला. बायको, दोन मुलं, रोजची लोकल, सगळं आपल्याला दाखवलंय. मग तो बॅट घेऊन फोडाफोडी करत सुटतो आणि आपण म्हणतो, बरोबर आहे त्याचं! आता तीच बॅट एखाद्या चाळीतल्या बेकार पोराच्या हातात द्या. आपण किती वेळ त्याच्या बाजूने राहू?

‘लालबाग परळ’ (२०१०) मला त्यासाठीच मोलाचा वाटतो. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी केलेला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाने मोडलेल्या घरातला नरू गुंडगिरीकडे वळतो. पण इथे आधी घर दिसतं, आई दिसते, रिकामा बसलेला भाऊ दिसतो, पिस्तूल नंतर येतं. आमच्या खासबाग-वडगाव-शहापूर पट्ट्यात मागाचा खडखडाट ऐकत मोठ्या झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माग बंद पडला की घरात कसली शांतता पसरते ते इथे पुष्कळांनी अनुभवलंय.

प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) जमिनीचा. जमीन विकून बसलेला शेतकरी पुण्यात हमाली करतो आणि पोरगा टोळीत जातो. हलगा-मच्छे बायपाससाठी जाणाऱ्या पिकाऊ जमिनीचं आंदोलन आपण पेपरात वर्षानुवर्षं वाचतोय. तिथे विकली, इथे घ्यायला निघाले, हा फरक आहेच. पण बांधावर उभ्या बाईचा चेहरा दोन्हीकडे सारखाच. या सिनेमाची दुसरी गोष्ट मला आवडली ती बोली. आपल्याकडे ‘काय करायलास गा?’ असं बोलणारा पडद्यावर आला की तो बहुतेक वेळा नोकर, विनोदी मामा नाहीतर गुंडाचा उजवा हात असतो. इथे नायकच गावाकडचं बोलतो, आणि त्यावर कुणी हसत नाही.

‘मुळशी’मधल्या हाणामाऱ्या जरा जास्त झाल्यात, हेही सांगून टाकतो. गल्लीतली पोरं नेमकं तेवढंच उचलतात.

आता पुन्हा साळगावकरांकडे. पहिल्या भागात गायतोंडेने त्यांना मारलं म्हटल्यावर अख्खं गाव चवताळून त्याच्यावर धावून जातं. आपल्यातल्या माणसावर हात टाकला, म्हणून. २०२२ च्या दुसऱ्या भागात सात वर्षं उलटलीत. विजयने थिएटर घेतलंय, सिनेमा काढायचं चाललंय, आणि तेच गाव आता कुजबुजतंय की खून यानेच केला असणार. कुणाला नवीन काही सापडलेलं नसतं. विजयचे दिवस पालटलेत एवढंच.

आमच्या घरी सगळे मिळून दुसरा भाग बघत होतो. नवीन थिएटर पडद्यावर आलं तशी शेजारची काकू म्हणाली, “आता लईच शहाणा झालाय की ह्यो.” पहिल्या भागाला हीच काकू चहा थंड होईपर्यंत त्याच्यासाठी देवाला हात जोडून बसली होती.