ससे पाळा, पण आपल्या घरापुरते

ससेपालनाचा विषय निघाला की आपल्या भागात दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, "नको रे बाबा, ससा मारला तर वनखातं धरून नेतंय." दुसरा खिशातून कागद काढतो आणि इतक्या माद्या, वर्षाला इतकी पिल्ले, पिल्लाला इतका भाव, असा गुणाकार मांडून दाखवतो. आमचे मत या दोघांहून वेगळे आहे. ससा परसात जरूर पाळावा आणि खावाही. पण तो आपल्या चुलीसाठी. कोणाच्या करारासाठी पाळू नये. (माळकरी सभासदांनी हे पान खुशाल उलटावे, राग नाही.)

पहिल्याची शंका आधी दूर करू. फड तुटत तुटत शेवटच्या पाच-सात सऱ्यांवर आला की आतून उठून पळतो तो रानससा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला जाळे लावणे, काठी घालणे, अंगावर कुत्री सोडणे हा गुन्हाच. फडाच्या कडेला काठ्या घेऊन उभी राहणारी पोरे अजूनही दिसतात, आणि त्यांत सभासदांच्या घरचीही असतात, म्हणून मुद्दाम लिहिले. पिंजऱ्यातला पाळीव ससा ही निराळीच जात. त्याचे मूळ युरोपातले. रानसशाचे पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते. पाळीव सशाचे पिल्लू उघडे-नागडे, आणि त्याचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, तिथे हा घोटाळा होतो.

आता दुसऱ्याचा कागद. यातले हिशोब खोटे असतात असे नाही, ते अर्धे असतात. मादी एकतीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, हे खरेच. पण त्या कागदावर उन्हाळा नसतो, खरूज नसते, मांजर नसते, आणि मुख्य म्हणजे खाणारा नसतो. पिल्ले "कंपनी परत घेणार" एवढेच लिहिलेले असते. कंपनी ती घेऊन काय करणार? तर पुढच्या गावातल्या शेतकऱ्याला पैदाशीसाठी विकणार. म्हणजे ताटात मांस कोणाच्याच पडत नाही, नुसते जनावर एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरते. नवा शेतकरी मिळेनासा झाला की त्या दिवशी धंदा बंद. इमूचे असेच झाले. २०१२ साली तमिळनाडूतल्या इमू योजना बुडाल्या आणि आपल्याकडच्या इमूवाल्यांचे पक्षीही गिऱ्हाइकाविना दारात उभे राहिले. कडकनाथ कोंबडीचे २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात काय झाले ते तर सांगायलाच नको. ज्यांचे पैसे त्यात अडकले ते आपल्याच पाहुण्या-रावळ्यांतले लोक आहेत. कोंबडीचा दोष काय त्यात? कडकनाथ पक्षी चांगलाच आहे. ससाही चांगलाच आहे.

१९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा साखर खाणारी माणसे आधीपासून होती. माल कोण घेणार हा प्रश्न नव्हता. कारखान्याची मालकी कोणाची, एवढाच होता. सशाच्या बाबतीत उलटे आहे. आपल्या तालुक्याच्या बाजारात सशाचे मांस मागणारा माणूस दिवसभर उभे राहिलात तरी भेटायचा नाही. विकायचे म्हटले की कत्तलीचे नियम आले, अन्नसुरक्षेचा परवाना आला. म्हणून कोणी अनामत मागितली, पिंजऱ्यासकट "युनिट" घ्या म्हटले, कोऱ्या धनादेशावर सही मागितली, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर पडला की हे लोक बरोबर येतात. त्यांना तारीख कशी कळते, देव जाणे.

मग घरापुरते म्हणजे किती? आमच्या मते एक नर आणि तीन माद्या. आपल्या हवेत मादीपासून वर्षाला चार वेते धरावीत, पाच-सहाचा हव्यास नको. वेताला चार पिल्ले हाताशी लागली तरी पुष्कळ. म्हणजे वर्षाला पन्नासच्या आत-बाहेर, आठवड्याला एक. तीन महिन्यांचा ससा दोन किलोच्या आसपास भरतो आणि त्यातले निम्मे मांस मिळते. किलोभर मांसात पाच माणसांच्या घराचा रविवार निघतो. कोल्हापुरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरापायी आंदोलन झाले होते. तिथून पुढे दर काही खाली आलेला नाही. महिन्यातून एकदा मटण आणणारे घर दर आठवड्याला मांस खाईल, तेही पोरांच्या वाढीच्या वयात, ही मिळकत लहान नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात मांसावर रेशन आले, तेव्हा तिथल्या लोकांनी परसात ससे पाळले ते याच हिशोबाने.

ऊन हा सशाचा मोठा वैरी. अंगभर केस, आणि घाम येत नाही. उष्णता काय ती कानांतून बाहेर जाते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे दक्षिणेकडचे केंद्र कोडाईकनालच्या डोंगरात मन्नावनूरला आहे आणि तिथे सशांवर काम चालते, तेव्हा थंड हवा त्याला मानवते हे उघडच आहे. आपल्याकडे सोलापूर, नगरच्या बाजूला एप्रिल-मे कठीण. पिंजरा कडुलिंबाखाली किंवा गोठ्याच्या उत्तरेला ठेवावा, वर पत्रा असेल तर त्यावर पाचटाचा जाड थर द्यावा, दुपारी भोवती ओली बारदाने सोडावीत. पाचट जाळू नका म्हणून आम्ही इतकी वर्षे लिहितो. निदान चार भारे तरी या कामी लागू द्या, फक्त चुलीच्या ठिणगीपासून लांब. कडक उन्हात नराची फळवण्याची ताकद जाते, म्हणून त्या दोन महिन्यांत मादी दाखवूच नये. "मादी धरत नाही" म्हणून मादीला बोल लावणारे पुष्कळ भेटतात.

खाण्याचे फारसे अवघड नाही. लसूणघास, शेवरी, हादग्याचा पाला, गाजराचा पाला, जोडीला मूठभर मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा. वाढे म्हशीला घाला, सशाला कोवळे लागते. दहिवराने भिजलेला घास तसाच टाकला तर पोट फुगते, तो पसरून सुकवून द्यावा. बुरशीची पेंड चुकूनही नको. आणि एक गोष्ट ऊसवाल्यांनी फार जपावी: बांधावरचे गवत कापताना शेजारच्या सरीत तणनाशक मारले आहे का ते विचारून घ्यावे. टू-फोर-डी, अ‍ॅट्राझीन आपल्याकडे पाण्यासारखे मारतात. म्हैस मोठे जनावर आहे, तिला लगेच दिसत नाही. सशाचा जीव तो केवढा, आणि मांस शेवटी आपल्याच पोटात जाणार.

सशाच्या सवयी ठाऊक नसल्या की माणूस उगाच घाबरतो. मादी दिवसातून एकदाच, तेही चार-पाच मिनिटे पाजते. ती पिल्लांपाशी बसत नाही म्हणून ती टाकली असे समजू नये. पिल्लांची पोटे गोल दिसली म्हणजे झाले. विण्याआधी ती अंगावरचे केस उपटून खोक्यात अंथरते, तो रोग नव्हे. रात्री स्वतःच्याच मऊ लेंड्या खाते, तेही तिच्या पचनाचेच. नराकडे मादी न्यावी, मादीच्या पिंजऱ्यात नर सोडू नये, ती त्याला फाडते. कानात खपल्या दिसल्या की खरूज. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे, डिझेल-तेल चोळू नये.

वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून ससे पाळले तर फार सोपे जाते. बापलेकीचा संबंध टाळायला नराची अदलाबदल करता येते, पाव्हणे आले तर उसना ससा आणता येतो. याला नोंदणी नको की सचिव नको. फक्त एक विसरू नये. हे काम घरातल्या बाईच्याच अंगावर पडणार आहे. शेण-घाण, धारा, भाकरी यांच्यावर आणखी एक ओझे. तेव्हा पिंजरा झाडणे पुरुषांनी आणि पोरांनी करावे, आणि जास्तीची पिल्ले विकून चार पैसे आले तर ते तिच्याच डब्यात जावेत.

पोरांचे म्हणाल तर ती सशाला नाव ठेवतात आणि मग पंचाईत होते. त्यांना पहिल्यापासून सांगावे: माद्या आपल्या, त्यांना नावे ठेवा; पिल्ले खाण्याची. कापणे पोरांसमोर नको. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू. धारदार सुरी आणि जाणता हात पाहिजे, जिवाला तडफड होऊ नये. कातडे अंगातली बंडी काढावी तसे निघते. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. काळजावर पांढरे ठिपके दिसले तर काळीज टाकून द्यावे आणि पिंजरे कोरडे-स्वच्छ ठेवण्याकडे लक्ष द्यावे.

शिजवताना बकऱ्याचा हिशोब लावाल तर फसाल. सशाच्या मांसाला चरबी जवळपास नसते, जास्त शिजले की चोथा होतो. आठ-नऊ तुकडे करून हळद, मीठ, आले-लसूण आणि वाटीभर दह्यात दोन तास ठेवावेत. कांदा, सुके खोबरे, तीळ, खसखस भाजून वाटण करावे, खोबरे नेहमीपेक्षा जरा जास्त. तेलात हात आखडू नये, कारण रश्श्यावर तर्री येईल ती फोडणीचीच; सशाच्या अंगची येत नाही. कोवळ्या सशाला मंद आचेवर पाऊण तास पुष्कळ होतो. अळणी पाणी पातळ पण चवीला गोडसर निघते, वास कमी; म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणीला पचते. वेते थांबलेली जुनी मादी मात्र कुकरलाच लावावी आणि तिचा सुक्याचा नाद सोडून रस्साच करावा, ज्वारीच्या भाकरीशी.