‘अस्पर्श’ जंगलातली जोती

चांदोलीच्या कुठल्याही रीलखाली एक शब्द हमखास सापडतो : ‘अस्पर्श’. ड्रोन वर जातो, खाली वारणेचं पाणी, धुकं, हिरव्या डोंगरांच्या रांगा, मागे बासरी. आणि कॅप्शन, ‘माणसाचा स्पर्श न झालेलं सह्याद्रीतलं शेवटचं जंगल’. मला बासरीचाही राग येतो, पण ते जाऊ दे.

हे वाक्य खोटं आहे. चांदोलीत माणसं राहत होती आणि ती उठवली गेली. झोळंबीचा सडा तुम्ही ‘पॉइंट’ म्हणून बघता ना, ते झोळंबी एका गावाचं नाव आहे. जिथे गवे चरताना दिसतात आणि अख्खी जीप श्वास रोखून बसते, त्यातली बरीच मोकळी कुरणं म्हणजे पडीक पडलेली भाताची खाचरं आणि नाचणीची रानं. जंगल आपणहून बांध घालत नाही. आंबा-फणसही घरामागे लावल्यासारखे एका ओळीत उगवत नाहीत. डोळे उघडे ठेवले तर झाडीत दगडी जोती दिसतात, एखादं तुळशीवृंदावन, फुटकं जातं. आपण मात्र बिबट्याच्या पंजाचा ठसा शोधत असतो.

तारखा बघा. १९८५मध्ये अभयारण्य, २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१०मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. दर पायरीला जंगलाची किंमत वाढली आणि माणूस आणखी बाहेर गेला. ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द आपल्याला बागेसारखा गोड वाटतो. कायद्यात त्याचा अर्थ रोखठोक आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानाची अंतिम घोषणा मात्र आतल्या जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे आल्यावरच होते. म्हणजे रिकामं होणं ही उद्यानाची पूर्वअट आहे. आणि वनहक्क कायदा, ज्याने वन्यजीव क्षेत्रातून लोकांना हलवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यायला लावली, तो आला २००६मध्ये. दोन वर्षं उशिरा.

त्याआधी धरण होतंच. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, पाणी खाली सांगली-कोल्हापूरच्या उसाला गेलं. काही गावं पाण्यात गेली आणि जी वर उरली, ती जंगलात गेली.

माझं आजोळ त्या वरच्यांपैकी. मी शाळेत जायच्या आधीच ते उठलं. मामा आता वाळवा तालुक्यातल्या एका वसाहतीत राहतो. घरं सरळ रेषेत, रस्ता सरळ, सगळं एक्सेल शीटसारखं. आजी होती तोवर पाऊस लागला की म्हणायची, ‘हितला पाऊस काय पाऊस हाय व्हय?’ तिची गावदेवी वरच राहिली. देवी कुणी सातबारावर चढवलेली नव्हती, त्यामुळे तिचा मोबदलाही कुणी मोजला नाही.

आता माझ्या टीममधल्या ट्रेकर मित्रांचं म्हणणं : ‘भावा, पण माणसं गेली म्हणूनच जंगल वाढलं ना?’ हो, वाढलं. गवे वाढले, कुरणं भरली, मला ते बघून आनंदच होतो. कुणी परत तिथे राहायला जावं असं मी म्हणत नाही. वसाहतीतली माझी मामेभावंडंही म्हणत नाहीत, त्यांना पुण्यात नोकरी हवी आहे. माझं म्हणणं हिस्टरीबद्दल आहे. कोडची एखादी ओळ कुणी लिहिली हे ‘गिट ब्लेम’ चालवलं की कळतं. कुणी जुन्या कमिट्स पुसून तेच कोड ‘नवीन प्रोजेक्ट’ म्हणून पुश केलं, तर आपण ऑफिसात आकाशपाताळ एक करू. इथे तेच झालंय आणि आपण लाइक करतोय.

यात सगळ्यात जास्त राग मला वारसावाल्यांचा येतो, कारण मीही त्यांच्यातलाच आहे. याच उद्यानाच्या पश्चिम कड्यावर प्रचितगड आहे, खाली शृंगारपूर. गडावर पोहोचलो की आपण बुरुजाचा दगड न् दगड वाचतो, कुठलं टाकं कुणी खोदलं यावर कमेंटमध्ये मारामाऱ्या करतो. पण त्या गडाला धान्य कुणी पिकवलं, कड्यावरच्या वाटा कुणी वापरत्या ठेवल्या? याच डोंगरातल्या गावांनी. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दगड वारसा, आणि पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेलं जोतं अतिक्रमण, हे गणित मला जमत नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली. चांगली बातमी. आधी तिला कुंपणाच्या आत ठेवलं, ती रुळते का ते पाहिलं, गळ्यात कॉलर घातली, तिच्या हालचालींवर लक्ष ठेवलं. याला पुनर्वसन म्हणतात. हाच शब्द माझ्या आजीच्या कागदावरही होता. ती रुळली का, हे बघायला कुणी आलं नाही.

मागणं फार मोठं नाही. उद्यानाच्या फाटकाशी पक्ष्यांच्या फलकाइतकाच मोठा फलक लावा : उठलेल्या गावांची नावं, किती घरं होती, कुठे गेली. जीप चालवायला आणि वाटाड्या म्हणून पहिला हक्क वसाहतींमधल्या पोरांना द्या. झोळंबीला पाणी कुठे लागतं हे त्यांच्या म्हाताऱ्यांकडून अजून काही वर्षंच विचारता येईल. आणि वर्षातून एक दिवस, जत्रेचा, देवीपाशी जायला मामाला तिकीट लागू नये. पर्यटकाला लागावं. मलाही लागावं.