प्रेक्षकाची साक्ष
मराठी प्रायोगिक रंगभूमीविषयी जे समीक्षालेखन झाले, त्याचे मुख्य आधार तीन : छापील संहिता, नाटककार-दिग्दर्शकांच्या मुलाखती आणि नाट्यसंस्थांचे इतिहास. या तिन्हींत प्रयोग पाहणाऱ्याला जवळजवळ स्थान नाही. त्याने काही लिहून ठेवले असलेच, तर 'व्यक्तिगत प्रतिक्रिया' म्हणून ते समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जाते. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. या रंगभूमीचे मूल्यमापनच तिच्यामुळे सदोष झाले आहे.

मुळात प्रायोगिकतेचा दावा कोणता होता? १९६० साली 'रंगायन' आणि १९७१ साली 'आविष्कार' स्थापन झाली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह या चळवळीचे केंद्र बनले. या वाटचालीत केवळ नवे विषय आले नाहीत. नट आणि प्रेक्षक यांच्यातील अंतरच नव्याने ठरवले गेले. बादल सरकारांच्या 'मिछिल'चा मराठी अवतार 'जुलूस' हा प्रेक्षकांमधून फिरणारा प्रयोग होता. वाचकाला ती मिरवणूक समजते. ती त्याच्या अंगावर येत नाही.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मृत भाऊराव स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतात. अभ्यासक येथे 'पारंपरिक रूपबंधाचे विडंबन' अशी नोंद करून पुढे सरकतो. परंतु श्रोत्यावाचून कीर्तन उभे राहत नाही. देवळातील कीर्तने ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाची मान त्या ठेक्यावर नकळत डोलू लागते; आपण एका प्रेताच्या निरूपणाला साथ देत आहोत हे ध्यानात येताच तो चपापतो. नाटकाचा अर्थ त्या चपापण्यात घडतो. त्याची नोंद संहितेच्या कोणत्या पृष्ठावर सापडणार?

विसंगती अशी की, याच समीक्षेने इझर आणि याऊस यांच्या ग्रहणसिद्धांताचे उत्साहाने स्वागत केले. कादंबरीच्या वाचकाला अर्थनिर्मितीत भागीदार मानणारी ही समीक्षा शेजारच्या खुर्चीवरील प्रेक्षकाला मात्र साक्षीदारही मानत नाही. शिवाय तिचा हा वाचक बहुधा गृहीत असतो. तिकीट काढून आलेला, अवघडून बसलेला, कधी कंटाळलेला माणूस तिला अडचणीचा वाटतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे : स्मृती फसवी असते, आणि एकाचा अनुभव हे प्रमाण नव्हे. आक्षेप खरा आहे. पण तो दिग्दर्शकाच्या मुलाखतीला का लागू होत नाही? वीस वर्षांनंतर सांगितलेला स्वतःचा हेतू हीसुद्धा स्मृतीच. तिच्यात हितसंबंध मिसळलेला असण्याचा संभव तर अधिकच.

नाट्यशास्त्राने हा प्रश्न टाळला नाही. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी प्रेक्षकाच्या स्मितावरून, हास्यावरून, उद्गारांवरून, रोमांचांवरून ओळखावी असे सांगितले आहे. मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे भेदही केले आहेत. प्रेक्षकाचे शरीर हे तेथे प्रयोगाचे प्रमाण आहे. भरताचा उल्लेख प्रस्तावनेत आदराने करणाऱ्या समीक्षेने हा अध्याय रससूत्राइतक्या आस्थेने वाचलेला दिसत नाही.

अर्थात प्रत्येक आठवण साक्ष ठरत नाही. 'छबिलदासचे ते दिवस' असा उसासा टाकणारे स्मरणरंजन या चळवळीला तितकेच घातक आहे, कारण त्यात सगळेच प्रयोग थोर असतात. साक्षीला शिस्त हवी : प्रेक्षक कोठे बसला होता, त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, सभागृह कोठे हसले, कोठे अस्वस्थ झाले, आणि प्रयोग कोठे फसला. फसलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त तर अधिक मोलाचा. फसण्याची शक्यताच ज्यात नाही, त्याला प्रयोग कशासाठी म्हणायचे?

त्या काळातील प्रेक्षक आता वृद्ध होत आहेत. संहिता ग्रंथालयांत राहतील. ही साक्ष मात्र माणसांबरोबर जाईल. ती नोंदवण्याची तसदी न घेणाऱ्या समीक्षेने आपण रंगभूमीचा अभ्यास करतो असे म्हणू नये. ती अभ्यासते ते नाट्यवाङ्मय.